लिनक्स मिंटचा सिनॅमन डेस्कटॉप : खिडक्या, मेनू आणि बटणांचे परीक्षण

विंडोज १० साठीचा मोफत आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला आणि विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप किंवा पुरेसा नवा प्रोसेसर नसलेली असंख्य चालती यंत्रे घराघरांत, दुकानांत, वाचनालयांत अडकून पडली. अशा यंत्रांसाठी विंडोजऐवजी बसवता येणाऱ्या लिनक्स मिंट या मोफत संचालन प्रणालीचे नाव सगळ्यांत आधी सुचवले जाते. त्याविषयी लिहिताना वेग, सुरक्षितता आणि फुकटपणा यांवर भर दिला जातो, आणि ते गैर नाही. परंतु दिवसभर संगणकासमोर बसणाऱ्या माणसाचा संबंध येतो तो खिडकी, मेनू, बटण, आयकॉन, स्क्रोलबार आणि मध्येच उघडून प्रश्न विचारणारी चौकट या मोजक्या घटकांशी. ते घटक नीट घडवलेले असतील तर यंत्र जुने असूनही काम सुखाने होते, आणि ते बिघडलेले असतील तर वेगवान यंत्रावरही माणूस थकतो. म्हणून या परीक्षणात मी केवळ याच घटकांकडे पाहणार आहे.

वस्तूची ओळख थोडक्यात करून देतो. क्लेमाँ लफेव्र यांनी लिनक्स मिंट २००६ साली सुरू केले. एप्रिल २०११ मध्ये ग्नोम ३ हा लिनक्सवरचा एक डेस्कटॉप, म्हणजे खिडक्या आणि मेनू दाखवणारी पडद्यावरची मांडणी, आला तेव्हा त्याने खालची पट्टी काढून टाकली आणि खिडकीच्या कोपऱ्यातील लहान-मोठे करण्याची बटणेही मूळ मांडणीतून हटवली. हा बदल मिंटच्या मंडळींना मान्य नव्हता, आणि त्या नापसंतीतून त्याच वर्षाच्या अखेरीस सिनॅमन हा डेस्कटॉप जन्माला आला. मी येथे ज्याविषयी लिहीत आहे ती जानेवारी २०२५ मध्ये आलेली मिंट २२.१ ही आवृत्ती असून तिच्यात सिनॅमन ६.४ आहे. मिंट २२ च्या संपूर्ण मालिकेला २०२९ पर्यंत सुरक्षा-सुधारणा मिळत राहणार आहेत. किमान २ जीबी मेमरी लागते, ४ जीबी असेल तर बरे, आणि डिस्कवर २० जीबी जागा हवी. किंमत शून्य. आमच्या तालुक्याच्या गावातील एका छोट्या वाचनालयाच्या संगणकांवर आणि माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर मी हा डेस्कटॉप वापरतो. वाचनालयात निवृत्त शिक्षक वर्तमानपत्रे वाचतात, मुले परीक्षांचे अर्ज भरतात, बचत गटाच्या बायका हिशेब उतरवतात, त्यामुळे एकाच पडद्यावर फार वेगवेगळ्या सवयीचे हात चालताना पाहायला मिळतात.

सुरुवात खिडकीपासून केली पाहिजे, कारण बाकी सगळे तिच्या आत आहे. पडद्यावरच्या खिडक्या एकमेकींवर चढवता याव्यात ही कल्पना झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रातली. तेथील आल्टो हे यंत्र १९७३ चे. पण त्याच कंपनीने १९८१ मध्ये बाजारात आणलेल्या स्टार या यंत्रात खिडक्या एकमेकींशेजारी मांडल्या जात, आणि १९८५ च्या पहिल्या विंडोजमध्येही त्या फरशांसारख्या शेजारी-शेजारीच बसत. खिडक्या एकमेकींवर चढू लागल्या की दोन प्रश्न उभे राहतात : सध्या माझे टंकलेखन कोणत्या खिडकीत जाणार आहे, आणि ही खिडकी हलवायची तर ती पकडायची कुठे? सिनॅमनने दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर उत्तम दिले आहे. प्रत्येक खिडकीला वर स्वतंत्र, पूर्ण रुंदीची शीर्षकपट्टी आहे. तिच्यावर फाइलचे नाव आहे, उजव्या टोकाला तीन बटणे आहेत आणि उरलेली सगळी पट्टी मोकळी आहे. नवख्या माणसाला "निळ्या-करड्या पट्टीवर कुठेही धरा आणि ओढा" एवढे सांगितले की पुरते. खिडकीची कड डोळ्यांना अगदी बारीक दिसते, पण पकडण्याची जागा दिसणाऱ्या रेघेच्या बाहेरही थोडी पसरलेली आहे आणि तेथे पॉइंटर पोहोचताच त्याचा आकार दुतोंडी बाणाचा होतो, त्यामुळे खिडकी लहान-मोठी करताना हात थरथरणाऱ्या वृद्धांचीही अडचण होत नाही. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र अपुरे आहे. मागच्या आणि पुढच्या खिडकीच्या पट्ट्यांतील फरक फिका आहे, आणि उजळ रंगसंगतीत दोन खिडक्या शेजारी-शेजारी लावल्या की कोणती जागी आहे हे चटकन कळत नाही. मिंट २२.१ मध्ये डेस्कटॉपची मूळ रंगसंगती अधिक गडद आणि अधिक ठळक केली गेली, पण त्याचा लाभ मुख्यतः पडद्याच्या खालच्या पट्टीला, मेनूंना आणि प्रश्नचौकटींना झाला आहे.

शीर्षकपट्टी स्वतंत्र ठेवण्याचा निर्णय वरवर पाहता जुन्या वळणाचा वाटेल. गेल्या दशकभरात ग्नोमच्या आणि इतरही अनेक अनुप्रयोगांनी शीर्षकपट्टी, मेनू आणि टूलबार एकत्र करून एकच जाड पट्टी केली आहे, ज्यात शोधाचे भिंग, जतन करण्याचे बटण आणि तीन आडव्या रेघांमागे लपवलेला मेनू असे सगळे दाटीवाटीने बसते. लहान पडद्यावर त्यामुळे दोन-तीन ओळींची जागा वाचते हे खरे. पण खिडकी ओढायला मोकळी जागा उरत नाही, आणि कोणती आज्ञा कुठे असेल याचा अंदाज प्रत्येक अनुप्रयोगागणिक नव्याने बांधावा लागतो. मिंटने २०१६ मध्ये, १८ व्या आवृत्तीपासून, मजकूर-संपादक, चित्रे पाहण्याचे साधन, पीडीएफ वाचक अशा रोजच्या वापरातील अनुप्रयोगांचा स्वतःचा संच ठेवायला सुरुवात केली, त्यामागे हेच कारण होते. त्या संचातील प्रत्येक खिडकीत मेनूपट्टी जागच्या जागी आहे : डावीकडे फाइल, मग संपादन, मग दृश्य, आणि शेवटी मदत. मिंट २२ मध्ये तर त्यांनी गणकयंत्र, स्कॅनर यांसारख्या ग्नोमच्या काही अनुप्रयोगांच्या नव्या आवृत्त्या न घेता जुन्या, डेस्कटॉपच्या रंगसंगतीला मानणाऱ्या आवृत्त्या ठेवणे पसंत केले. तरीही हे अनुप्रयोग एकत्रित पट्टीचेच आहेत. त्यामुळे मजकूर-संपादकातून गणकयंत्राकडे गेल्यावर मेनू कुठे गेला असे कोणी विचारले तर त्या विचारण्यात काही चूक नाही. या विसंगतीचे मूळ मिंटच्या बाहेर आहे, पण वापरणाऱ्याला ती मिंटमध्येच भेटते.

मेनू हा माझ्या मते या डेस्कटॉपचा सर्वांत भक्कम घटक आहे. चांगला मेनू आज्ञा तर पुरवतोच, पण काय काय करता येते याची यादीही तो वाचायला देतो, आणि म्हणूनच आत्ता न चालणारी आज्ञा त्यात लपलेली नसून करड्या अक्षरांत दिसली पाहिजे. नेमो या फाइल-व्यवस्थापकात संपादनाचा मेनू उघडा. अजून काही कॉपी केलेले नसेल तर "चिकटवा" ही आज्ञा करडी दिसते, आणि एखादी फाइल कॉपी करून पुन्हा पाहिले की ती काळी झालेली असते. आधी कॉपी, मग चिकटवणे हा क्रम शिकवायला याहून चांगला शिक्षक नाही. ज्या आज्ञेपुढे तीन टिंबे आहेत ती लगेच काही करणार नाही, आधी चौकट उघडून विचारणार आहे, हा जुना संकेत येथे पाळला जातो. उजवीकडे कळफलकावरचा तोच रस्ता लिहिलेला असतो. आयबीएमने १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संकेतावलीतून रूढ झालेल्या एफ१ म्हणजे मदत आणि ऑल्ट-एफ४ म्हणजे खिडकी बंद या दोन्ही सवयी येथे जशाच्या तशा चालतात, त्यामुळे विंडोजवर हात बसलेल्या कारकुनाला नव्याने काही पाठ करावे लागत नाही.

डाव्या खालच्या कोपऱ्यातील मुख्य मेनूविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण त्यात एक सहसा लक्षात न येणारी कारागिरी आहे. हा मेनू उघडला की एका स्तंभात वर्ग दिसतात : ॲक्सेसरीज, ग्राफिक्स, इंटरनेट, ऑफिस वगैरे. ज्या वर्गावर पॉइंटर जाईल त्यातील अनुप्रयोग शेजारच्या स्तंभात उमटतात. आता समजा "ऑफिस" वर पॉइंटर आहे आणि हवा असलेला अनुप्रयोग शेजारच्या यादीत तळाशी आहे. माणसाचा हात काटकोनात वळत नाही, तो तिरका जातो, आणि तिरके जाताना पॉइंटर "ऑफिस" च्या खालच्या एक-दोन वर्गांवरून सरकतो. भोळेपणाने लिहिलेल्या मेनूत तेवढ्या क्षणात वर्ग बदलतो, यादी बदलते आणि हवी ती गोष्ट हातातून निसटते. संकेतस्थळांवरच्या कित्येक मेनूंमध्ये हा त्रास आजही होतो. त्यावरचा उपाय ॲपलने १९८० च्या दशकात मॅकिंटॉशच्या उपमेनूंसाठी योजला होता : पॉइंटरपासून समोरच्या यादीकडे पसरत जाणारा एक अदृश्य त्रिकोण कल्पायचा, आणि पॉइंटर जोवर त्याच्या आत चालला आहे तोवर वाटेतल्या नावांकडे दुर्लक्ष करायचे. सिनॅमनच्या मेनूत याच जातीचा अदृश्य पट्टा आहे. मुद्दाम तिरका आणि सावकाश माऊस नेऊन पाहा. मधले वर्ग ओलांडले जातात, पण यादी ढळत नाही. पाहणाऱ्याच्या हे ध्यानातही येत नाही, आणि ज्यांनी ते घडवले त्यांचे कौतुक एवढ्यासाठीच केले पाहिजे. ज्यांना वर्ग शोधायचे नसतील त्यांनी मेनू उघडताच नावाची पहिली अक्षरे टंकायला सुरुवात केली तरी चालते.

हा मेनू कोपऱ्यात असण्यालाही अर्थ आहे. लक्ष्य जितके जवळ आणि जितके मोठे तितके तेथे पोहोचायला कमी वेळ लागतो, हे पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये सूत्रबद्ध केले. पडद्याच्या कडेला पॉइंटर आपोआप थांबतो, म्हणून कडेवरचे लक्ष्य दिसते त्याहून पुष्कळ मोठे ठरते, आणि कोपऱ्यातले तर सर्वांत मोठे, कारण माऊस नेम न धरता नुसता लोटून दिला तरी पॉइंटर तेथेच जाऊन थांबतो. विंडोज ९५ च्या स्टार्ट बटणाभोवती मात्र न चालणारी बारीक कड राहिली होती, त्यामुळे अगदी कोपऱ्यात क्लिक केले तर काही घडत नसे, आणि ही चूक सुधारायला पुढच्या आवृत्त्या याव्या लागल्या. सिनॅमनमध्ये माऊस डावीकडे खाली लोटून क्लिक केले की मेनू उघडतो, आणि उजवीकडे खाली लोटून क्लिक केले की सगळ्या खिडक्या बाजूला होऊन डेस्कटॉप दिसतो.

पडद्याच्या खालच्या पट्टीवरच्या उघड्या खिडक्यांच्या यादीविषयी मात्र माझे मत प्रतिकूल आहे. डिसेंबर २०१८ च्या १९.१ या आवृत्तीपासून मिंटने मूळ मांडणीत गटवार यादी स्वीकारली आहे. तिच्यात खिडकीचे नाव दिसत नाही, फक्त अनुप्रयोगाचे आयकॉन दिसते, आणि एकाच अनुप्रयोगाच्या चार खिडक्या उघड्या असतील तरी आयकॉन एकच राहते. त्यावर पॉइंटर ठेवला की लहान चित्रे उमटतात आणि त्यांतून निवड करावी लागते. अनुभवी माणसाला हे चालते. पण ज्याने दोन पत्रे उघडली आहेत त्याला दुसरे पत्र गेले कुठे हे कळत नाही, आणि वाचनालयात तर लोक तीच फाइल पुन्हा उघडतात. उघडी गोष्ट डोळ्यांना दिसली पाहिजे हा या संपूर्ण पद्धतीचा पाया आहे, आणि मोठ्या पडद्यावर अर्धी पट्टी रिकामी असताना नावे लपवण्याला काही कारण नाही. सुदैवाने यादीवर उजवे क्लिक करून सेटिंगमध्ये गट करणे बंद करता येते आणि आयकॉनशेजारी खिडकीचे शीर्षकही दाखवता येते.

बटणे आणि प्रश्नचौकटी यांत शब्दांना आकाराइतकेच महत्त्व आहे. हिशेबाचा एक जुना प्रोग्राम मी अनेक वर्षे वापरला. खिडकी बंद करताना तो "बदल रद्द करायचे आहेत का?" असा प्रश्न विचारून खाली "ओके" आणि "कॅन्सल" अशी दोन बटणे देत असे. यात "कॅन्सल" म्हणजे बदल रद्द की रद्द करणे रद्द, याचा उलगडा त्या प्रोग्रामच्या मदत-पुस्तिकेतही नव्हता. मिंटच्या मजकूर-संपादकात न जतन केलेले पत्र बंद करून पाहा. बंद करण्यापूर्वी या पत्रातील बदल जतन करायचे का असे पत्राचे नाव घेऊन ठळक अक्षरांत विचारले जाते, त्याखाली न जतन केल्यास शेवटच्या किती वेळातले काम कायमचे जाईल हे सांगितले जाते, आणि मग तीन बटणे येतात : जतन न करता बंद करा, रद्द करा, जतन करा. प्रत्येक बटणावर क्रियापद आहे. वरचा प्रश्न न वाचता केवळ बटण वाचणारा माणूस, आणि बहुतेक माणसे तशीच असतात, येथे फसत नाही. शिवाय घाईने एंटर दाबले तर काम जतन होते, म्हणजे निष्काळजीपणाचा परिणामही सुरक्षित बाजूला झुकवलेला आहे. एका गोष्टीची सवय मात्र करावी लागते. विंडोजमध्ये होकाराचे बटण नकाराच्या डावीकडे असते, येथे ते अगदी उजव्या टोकाला असते. वर्षानुवर्षे हात एका जागी जात असेल तर सुरुवातीचे काही दिवस तो चुकीच्या बटणावर जातो. नव्या माणसाला यंत्र देताना हे आधीच सांगून ठेवावे.

सेटिंगच्या खिडक्यांत "लागू करा" असे बटण जवळजवळ कुठेच नाही. कळ सरकवली की बदल त्याच क्षणी दिसतो. पॉइंटरचा आकार वाढवणारा स्लायडर हळूहळू ओढत गेले की पॉइंटर डोळ्यांसमोर मोठा होत जातो, आणि किती मोठा हवा हे आकड्यांत ठरवावे लागत नाही. थेट हाताळणीचे हे उत्तम उदाहरण आहे. चेकबॉक्स, एकातून एकच निवडायची गोल बटणे आणि चालू-बंद करणाऱ्या सरकत्या कळा या तिन्ही गोष्टी आपापल्या जागी योग्य वापरल्या आहेत, आणि त्यांच्या नावावर क्लिक केले तरी चेकबॉक्स बदलतो, छोट्या चौकोनावर नेम धरावा लागत नाही. याहून अधिक काही लिहिण्यासारखे त्यांत नाही.

स्क्रोलबारवर मात्र माझा ठाम आक्षेप आहे. स्क्रोलबार दोन कामे करतो. तो मजकूर सरकवतो हे पहिले काम, आणि माऊसला चाक आल्यापासून या कामासाठी त्याची गरज कमी झाली हे मान्य. पण त्याचे दुसरे काम सांगण्याचे आहे. सरकता तुकडा पट्टीच्या किती भागाएवढा आहे यावरून एकूण मजकूर किती लांब आहे हे कळते, आणि तो कुठे आहे यावरून आपण कुठवर आलो हे कळते. शंभर पानांचा शासन निर्णय उघडल्यावर हा तुकडा नखाएवढा दिसतो आणि वाचणारा मनाची तयारी करतो. आजकालच्या फॅशनप्रमाणे सिनॅमनच्या अनेक खिडक्यांतही ही पट्टी मजकुरावर तरंगणारी, बारीक आणि माऊस हलल्याशिवाय न दिसणारी अशी ठेवलेली आहे. त्यामुळे खाली आणखी काही आहे याचीच कित्येकांना कल्पना येत नाही. अर्जाच्या खिडकीत खालचे रकाने न पाहता उठून जाणारी मुले मी पाहिली आहेत. मिंटच्या बाजूने एवढे सांगितले पाहिजे की त्यांनी या बाबतीत वापरणाऱ्याला पूर्ण अधिकार दिला आहे. सिस्टिम सेटिंगमधील थीम्स या विभागात तरंगती पट्टी बंद करण्याची कळ आहे, पट्टीची जाडी ठरवण्याची सोय आहे, आणि पट्टीच्या रिकाम्या भागावर क्लिक केले तर थेट त्या ठिकाणी उडी मारायची की एकेक पान पुढे जायचे हेही निवडता येते. इतक्या बारकाईची सोय दुसऱ्या डेस्कटॉपच्या मुख्य सेटिंगमध्ये मला आढळलेली नाही. माझे म्हणणे एवढेच की मूळ मांडणी उलटी असायला हवी होती : ज्यांना पट्टी नको आहे त्यांनी ती लपवावी.

आयकॉनांबाबत लिहिताना फोल्डर आणि टूलबार यांत भेद करावा लागतो. फोल्डरांची आयकॉन मोठी, भरीव आणि वेगळी ओळखू येणारी आहेत, आणि फोल्डरवर उजवे क्लिक करून त्याचा रंग बदलता येतो ही सोय दिसायला सजावटीची पण वापरायला फार मोलाची आहे. वाचनालयात देयकांचे फोल्डर लाल, सभासदांचे हिरवे असे ठरवून दिल्यावर नाव न वाचताही माणसे योग्य फोल्डर उघडतात. टूलबारवरची आयकॉन मात्र एकाच करड्या रंगातील बारीक रेघांची आहेत. ती एकमेकांत मिसळून जातात, आणि अर्थ कळण्यासाठी पॉइंटर वर ठेवून टूलटिपची वाट पाहावी लागते. नेमोमध्ये एफ३ दाबले की खिडकीचे दोन भाग होतात, एकीकडे पेनड्राइव्ह आणि दुसरीकडे आपले फोल्डर ठेवून फाइली ओढता येतात. चुकून भलतीकडे पडल्या तर कंट्रोल-झेड चालते. पुसलेली फाइल आधी कचरापेटीत जाते, आणि शिफ्ट-डिलीट केले तरच कायमची पुसण्यापूर्वी विचारले जाते.

आता मराठीकडे येतो, कारण आपल्याकडच्या वाचकाला हा प्रश्न सर्वांत आधी पडेल. लॉगिन करताना किंवा सेटिंगमध्ये भाषा म्हणून मराठी निवडता येते, पण मराठीकरण अर्धवट आहे. सिनॅमनचा काही भाग मराठीत, काही इंग्रजीत, आणि एकाच मेनूत दोन्ही भाषांच्या आज्ञा एकाखाली एक असे दृश्य दिसते. अनुवाद स्वयंसेवकांच्या श्रमांवर उभा आहे आणि त्या श्रमांविषयी मला आदर आहे, परंतु परीक्षण म्हणून सांगायचे तर आजच्या स्थितीत संपूर्ण इंग्रजी मेनू अर्ध्या मराठी मेनूपेक्षा कमी गोंधळात टाकतो. कळफलकावरून मेनू उघडण्याची खूणही मराठीत अडखळते. इंग्रजीत आज्ञेच्या नावातलेच एक अक्षर अधोरेखित असते. मराठीत कळ रोमन लिपीची ठेवावी लागल्याने "फाइल" या शब्दापुढे कंसात रोमन एफ छापला जातो. ते वाईट दिसते, पण त्या कळीने काम होते, म्हणून ती तडजोड मी स्वीकारतो.

अक्षरांच्या बाबतीत अडचण वेगळी आहे आणि तिच्यावर उपाय आहे. मिंटचा मूळ फॉन्ट उबुंटू हा आहे आणि त्यात देवनागरी नाही. त्यामुळे फाइलचे नाव मराठीत असले की अक्षरे दुसऱ्या फॉन्टातून उसनी आणली जातात. त्यांची उंची आणि जाडी शेजारच्या रोमन अक्षरांशी जुळत नाही, एकाच यादीत काही नावे ठसठशीत आणि काही बारीक दिसतात. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा-रफारांसाठी आणि खाली उकारांसाठी जागा लागते, हे ज्यांनी बटणांची उंची केवळ रोमन अक्षरे डोळ्यांपुढे ठेवून ठरवली त्यांच्या लक्षात आलेले नसते. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा मुक्ता हा मोफत फॉन्ट देवनागरी आणि रोमन दोन्हींसाठी एकत्र घडवलेला आहे. तो बसवून फॉन्टच्या सेटिंगमध्ये मुख्य फॉन्ट आणि शीर्षकपट्टीचा फॉन्ट म्हणून निवडला की मेनू, बटणे आणि फाइलींची नावे एका वळणाची होतात.

टंकलेखनासाठी कळफलकाच्या सेटिंगमध्ये मराठीची इनस्क्रिप्ट मांडणी जोडता येते, आणि पट्टीवर कोणती मांडणी चालू आहे हे दाखवणारी खूण येते. ती खूण देशाच्या ध्वजाच्या रूपात ठेवू नये. भारतीय इंग्रजी आणि मराठी या दोन्ही मांडण्यांना तिरंगाच मिळतो, आणि मग खुणेकडे पाहून कळायला हवे ते नीट कळत नाही. त्याच सेटिंगमध्ये ध्वजाऐवजी मांडणीचे नाव दाखवण्याची सोय आहे. उच्चारानुसार रोमन अक्षरांत टंकून देवनागरी उमटवण्याची सवय असलेल्यांना आयबस आणि एम१७एन ही पॅकेजे वेगळी बसवावी लागतात, आणि नवख्या माणसाने हे काम कोणाच्या तरी मदतीने करावे.

जुन्या यंत्रावर विंडोजऐवजी काय घालावे असे विचारणाऱ्याला मी सिनॅमनच सुचवतो, मात्र यंत्रात ४ जीबी मेमरी असावी आणि ज्यावाचून चालणारच नाही असा विंडोजपुरता मर्यादित प्रोग्राम त्याच्या कामात नसावा. डिस्कवर काही न बसवता पेनड्राइव्हवरून मिंट सुरू करता येते, तेव्हा आपला प्रिंटर, वाय-फाय आणि पडदा त्यावर नीट चालतात की नाही हे आधी पाहून घ्यावे. बसवून झाल्यावर यंत्र सुपूर्त करण्यापूर्वी मी काही गोष्टी न चुकता बदलतो. खिडक्यांची यादी गट न करता नावांसकट दाखवायची, स्क्रोलबार कायम दिसेल असा आणि थोडा जाड करायचा, मुख्य फॉन्ट मुक्ता ठेवून त्याचा आकार एका अंकाने वाढवायचा, कळफलकाची खूण नावाने दाखवायची, आणि ज्येष्ठांसाठी माऊसच्या सेटिंगमधली, कंट्रोल दाबताच पॉइंटर कुठे आहे हे दाखवणारी कळ चालू करून द्यायची.